मुखवटे घालून गिधाडं वाचत नसतात

आज पिकाचं नाही, जनावराच्या औषधाचं लिहितोय. शेवटपर्यंत वाचा.

सप्टेंबरचा पहिला शनिवार जगभर गिधाड जागृती दिन म्हणून पाळतात. आमच्या भागात एके ठिकाणी त्याचा कार्यक्रम होता, मीही गेलो. पोरांनी पुठ्ठ्याचे मुखवटे घातले, फेरी निघाली, भाषणं झाली, फोटो झाले. हॉल भरलेला, पण गोठ्यातून उठून आलेला माणूस शोधून सापडंना. भाषणात तासभर एकच, गिधाड म्हणजे निसर्गाचा सफाई कामगार. अहो, ते आम्हाला शिकवायचं? आमच्या लहानपणी ओढ्याकाठी बैल टाकला की दुपारपर्यंत नुसता सापळा उरायचा. आता तिथं कुत्री असतात, आणि तीच कुत्री रात्री शेळ्यांवर येतात.

ज्या औषधानं गिधाड मारलं त्याचं नाव मात्र एकदाच आलं, तेही घाईत. म्हणून इथं नीट लिहितो.

डायक्लोफेनॅक. जनावर तापलं, लंगडलं, कास सुजली की हेच टोचायचे. टोचल्यावर एक-दोन दिवसांत जनावर मेलं तर औषध मांसात राहतं. ते गिधाडानं खाल्लं की त्याच्या किडन्या बंद पडतात, मान टाकून बसतं आणि मरतं. पाकिस्तानातल्या अभ्यासातून हे २००४ ला जगासमोर आलं. १९९२ ते २००७ या काळात आपल्या देशात पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारातलं एक उरलं. त्याला शंभरातल्या एखाद्या मढ्यात औषध असलं तरी पुरलं, कारण एका मढ्यावर पन्नास गिधाडं बसायची. आणि मादी वर्षाला अंडं घालते एकच. भरून निघायचं कसं?

मीही टोचून घेतलंय. गाय वाचली नाही, ओढून ओढ्याला टाकली. तेव्हा कुणी काही सांगितलं नव्हतं. पण आता माहीत असून गप्प बसलो तर तो दोष माझाच.

२००६ ला जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. मग माणसासाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येऊ लागल्या. म्हणून २०१५ ला माणसाचं इंजेक्शनही ३ मिलीच्या एका डोसातच विकायचं ठरलं. २०२३ ला केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक जनावरांसाठी बंद झालं. ॲसिक्लोफेनॅकचं गायीच्या अंगात डायक्लोफेनॅकच होतं. पुढं निमेसुलाइडवरही बंदी आली. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी डेअरीवर दूध घालताना मी अकरा जणांना विचारलं, ही नावं ठाऊक आहेत का? एकालाही नाही. मग जागृती झाली कुणाची?

कुणी म्हणंल, गाय तापानं फणफणली असताना मी गिधाडाचा विचार करू का? नका करू, गाईचाच करा. फक्त डॉक्टरांना म्हणा, “मेलोक्सिकॅम द्या.” ताप, सूज, दुखणं त्यानंही उतरतं आणि गिधाडाला ते बाधत नाही. टोल्फेनॅमिक ॲसिडही चालतं. पर्याय हातात असताना जुनीच बाटली फोडायची, याला अडचण म्हणत नाहीत, आळस म्हणतात.

नाशिक जिल्ह्यात हरसूलकडं खोरीपाड्याला आणि रायगडात म्हसळ्याच्या चिरगावला गावकऱ्यांनी गिधाडं राखून दाखवलीत. तिथं जनावरवाला माणूस कामात होता, खुर्चीवर बसलेला श्रोता नव्हता. आपल्या अकोल्याच्या डोंगरातले कडेही अशाच पाखरांच्या मुक्कामाचे आहेत. पण गिधाड एका दिवसात शंभर किलोमीटर सहज फिरतं. त्याला तालुक्याची शीव कळत नाही. नेवाशात टोचलेलं अकोल्यातल्या पाखराला भोवू शकतं.

म्हणून कार्यक्रम करणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे. पुढच्या वर्षी हॉल घेऊ नका. घोडेगावच्या, लोणीच्या जनावरांच्या बाजारात या. पोळा या दिवसाच्या मागंपुढंच असतो, बैल वेशीत आले की तिथंच पाच मिनिटं बोला. डेअरीच्या भिंतीवर चार बंद औषधं आणि दोन चालणारी, मराठीत, मोठ्या अक्षरात रंगवा. औषध दुकानदाराला आणि गावोगाव फिरून सुई टोचणाऱ्यालाही बोलवा, खरी मेख तिथं आहे. राहुरीच्या विद्यापीठातल्या साहेबांनीही शिवारफेरीत पिकाबरोबर हे सांगावं.

आणि आपल्यासाठी तीन गोष्टी. टोचायच्या आधी बाटलीवरचं नाव वाचा, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. वेदनाशामक टोचलेलं जनावर दगावलं तर उघड्यावर टाकू नका, खोल खड्ड्यात पुरा. फाशी, लंपीसारख्या रोगानं गेलेलं तर पुरायचंच.

मुखवटा पोराच्या तोंडावर शोभतो, पण सुई आपल्या गोठ्यात आहे. तुमच्याकडं कुठली बाटली वापरतात, नाव बघून खाली लिहा.