विश्लेषण : विजेतेपदाचे गणित मैदानाबाहेर सुटले, तेव्हा...

पणजी, दि. २० जुलै २०२५ : आय-लीग फुटबॉल स्पर्धेच्या २०२४-२५ च्या हंगामाचा विजेता अखेर निश्चित झाला आहे. शेवटचा सामना संपल्यानंतर तब्बल १०३ दिवसांनी, स्वित्झर्लंडमधील लोझान येथील क्रीडा लवाद न्यायालयाने १८ जुलै रोजी वाराणसीच्या इंटर काशी संघाला विजेता घोषित करण्याचा आदेश दिला. त्यामुळे गोव्याच्या चर्चिल ब्रदर्स संघाकडून विजेतेपद निसटले. सुधारित गुणतक्त्यात इंटर काशीचे ४२, तर चर्चिलचे ४० गुण आहेत. हा निकाल एका चषकापुरता मर्यादित नाही. देशातील फुटबॉल स्पर्धांच्या गुणतक्त्यावर प्रेक्षकांनी किती विश्वास ठेवावा, असा प्रश्न त्यातून उभा राहिला आहे.

वादाचे मूळ १३ जानेवारीच्या एका सामन्यात आहे. नामधारी संघाने त्या दिवशी इंटर काशीवर २-० असा विजय मिळविला. मात्र पिवळ्या कार्डांची मर्यादा ओलांडल्याने निलंबनास पात्र ठरलेला ब्राझिलियन खेळाडू नामधारीने मैदानात उतरविला, अशी तक्रार इंटर काशीने केली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने ती मान्य करून इंटर काशीला ३-० असा विजय आणि तीन गुण बहाल केले. अपील समितीने प्रथम या निर्णयास स्थगिती दिली आणि १८ एप्रिलला तो रद्द ठरविला. दुसऱ्याच दिवशी महासंघाने चर्चिल ब्रदर्सला विजेता म्हणून जाहीर केले. त्यानंतर हे प्रकरण लवादाकडे गेले. इंटर काशीचा स्पॅनिश आघाडीपटू मारिओ बार्को याच्या फेरनोंदणीवरून उद्भवलेला दुसरा वादही तेथेच पोहोचला. दोन्ही प्रकरणांत लवादाचा कौल इंटर काशीच्या बाजूने लागला.

या घडामोडींमध्ये सर्वाधिक गोंधळ उडाला तो समर्थकांचा. शेवटच्या फेरीची सकाळ, म्हणजे ६ एप्रिल, आठवून पाहावी. चर्चिलचे ३९, गोकुळम केरळचे ३७, तर रियल काश्मीर आणि इंटर काशीचे प्रत्येकी ३६ गुण होते. बारा संघांच्या आणि बावीस फेऱ्यांच्या स्पर्धेत अखेरच्या दिवशीही चार संघ शर्यतीत असणे, ही कोणत्याही फुटबॉलप्रेमीसाठी पर्वणीच होय. एरवी अशा वेळी समर्थक कागद-पेन्सिल घेऊन बसतात. आपण जिंकलो तर काय, बरोबरीत राहिलो तर काय, दुसऱ्या मैदानावर कोण हरायला हवे, याची उजळणी होते. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालीम मंडळांचे पाठीराखे साखळीच्या शेवटच्या टप्प्यात हेच करतात. मडगाव आणि वार्का येथेही त्या दिवशी वेगळे चित्र नव्हते.

परंतु या वेळी कागदावरचे गणितच अपुरे होते. चर्चिलने श्रीनगरमध्ये रियल काश्मीरला हरविले असते, तर त्यांचे ४२ गुण झाले असते. इंटर काशीने आपला सामना जिंकला असता आणि वादग्रस्त तीन गुणही त्यांना मिळाले असते, तर त्यांचेही ४२ गुण होत होते. याचा अर्थ असा की, अव्वल स्थानावरील संघाने शेवटचा सामना जिंकूनही विजेतेपद निश्चित झाले नसते. प्रत्यक्षात चर्चिलला १-१ अशा बरोबरीवर समाधान मानावे लागले. गोव्याच्याच धेंपो संघाने कोळिकोड येथे गोकुळमवर ४-३ अशी मात करून चर्चिलच्या मार्गातील एक अडसर दूर केला. इंटर काशीने मात्र राजस्थान युनायटेडवर विजय मिळविला. चर्चिल ४०, इंटर काशी ३९ असा तक्ता झळकला. पण त्याखाली ‘निर्णय प्रलंबित’ ही अदृश्य ओळ कायम होती.

गोमंतकीय समर्थकांची हळहळ समजण्याजोगी आहे. २००७-०८ ते २०१२-१३ या सलग सहा हंगामांत आय-लीगचे विजेतेपद गोव्यातच राहिले. धेंपोने तीनदा, चर्चिलने दोनदा आणि साळगावकरने एकदा ते पटकाविले. त्यानंतर मात्र गोव्याच्या वाट्याला प्रतीक्षाच आली. २०२०-२१ मध्ये चर्चिल आणि गोकुळम यांचे प्रत्येकी २९ गुण झाले आणि परस्परांतील लढतींच्या निकषावर चषक केरळला गेला. तो पराभव जिव्हारी लागणारा असला, तरी त्याचा नियम आधीपासून सर्वांना ठाऊक होता. यंदाची गोष्ट निराळी आहे. महासंघाने स्वतः विजेता घोषित केला, एप्रिलच्या अखेरीस चषकही गोव्यात सुपूर्द केला, आणि त्याच सुमारास सोहळा थांबविण्याचा लवादाचा अंतरिम आदेश आला. हाती आलेला चषक परत जाण्याचे दुःख न मिळालेल्या चषकाहून अधिक असते.

इंटर काशीवरही अन्याय झालाच. २०२३ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबने अवघ्या दुसऱ्या हंगामात देशातील जुन्या क्लबांना मागे टाकले. तरीही विजयाचा क्षण त्यांना मैदानावर अनुभवता आला नाही. विजयाची वार्ता आली ती निकालपत्रातून. नियमानुसार जे गुण त्यांचे होते, ते मिळविण्यासाठी त्यांना १८६ दिवस झगडावे लागले.

खरा दोष दिरंगाईचा आहे. निलंबित खेळाडू मैदानात उतरला की नाही, हा मतमतांतराचा विषय नसून नोंदीचा विषय आहे. कोणत्या खेळाडूला किती कार्डे मिळाली, याची नोंद स्पर्धेचे आयोजन करणाऱ्या यंत्रणेकडे असते. संघाने नियम पाळलाच पाहिजे. पण संघांची यादी स्वीकारतानाच अपात्र नाव अडविले गेले, तर पुढील वादाला जागाच उरत नाही. आणि चूक घडलीच, तर जानेवारीतील सामन्याचा अंतिम निवाडा शेवटच्या फेरीपूर्वी होण्यास अडीच महिन्यांहून अधिक अवधी उपलब्ध होता.

मैदानाबाहेर विजेता ठरण्याचा प्रसंग जगाला नवा नाही. इटलीतील सामना-हस्तक्षेप प्रकरणानंतर युव्हेंटसचे २००५-०६ चे विजेतेपद काढून घेण्यात आले आणि ते इंटर मिलानला बहाल झाले. तेथे मात्र फसवणुकीचा प्रश्न होता. येथे कार्डांची मोजदाद आणि खेळाडूची नोंदणी यांसारख्या कार्यालयीन बाबींनी संपूर्ण हंगाम वेठीस धरला.

विजेतेपदाचे मोल यंदा विशेष होते, कारण त्यासोबत इंडियन सुपर लीगमध्ये बढती मिळण्याची संधी होती. याच मार्गाने २०२३ मध्ये पंजाब आणि २०२४ मध्ये मोहमेडन स्पोर्टिंग वरच्या साखळीत पोहोचले. विरोधाभास असा की, लवादाच्या निकालाच्या आठवडाभर आधी, ११ जुलै रोजी, आयोजकांनी सुपर लीगचा आगामी हंगामच स्थगित ठेवल्याचे क्लबांना कळविले. महासंघाशी असलेला मुख्य हक्क करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता आणि त्याच्या नूतनीकरणाचा प्रश्न तेव्हा सुटलेला नव्हता. सहा महिने ज्या दारासाठी झगडा झाला, ते दारच त्या वेळी बंद होते.

यातून दोन सुधारणा तातडीने हव्यात. गुणांवर परिणाम करणाऱ्या प्रत्येक तक्रारीचा अपिलासह निवाडा ठरावीक दिवसांत आणि शेवटच्या फेरीआधी व्हावा. तसेच अपिलाची मुदत संपेपर्यंत कोणालाही चषक देऊ नये. यांसाठी मोठा निधी लागत नाही, शिस्त लागते. समर्थक तिकीट काढतो, प्रवास करतो, गुणांची बेरीज करतो, ती त्या बेरजेला अर्थ आहे या भरवशावर. हा भरवसा टिकविणे ही लवादाची नव्हे, तर महासंघाची जबाबदारी आहे.