सतरा सामन्यांची पुंजी

उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये नवोदितांवर बोली लागत नाही. ‘ड्राफ्ट’मध्ये संघ ठरलेल्या क्रमाने एकेका खेळाडूवर हक्क सांगतात. जून २०२५ मध्ये पहिला हक्क न्यूयॉर्क आयलँडर्सचा होता. त्यांच्यापुढे सर्वांत ठळक नाव होते कॅनडाचा १७ वर्षांचा बचावपटू मॅथ्यू शेफर.

त्याच्या जमेच्या बाजूविषयी फारसा वाद नव्हता. बर्फावरील त्याची गती आणि दिशा बदलण्याची सहजता असामान्य. प्रतिस्पर्ध्याला आपल्या क्षेत्रात शिरू देऊन मग झुंजण्यापेक्षा त्याला वेशीवरच रोखायचे आणि चकती हाती येताच स्वतः चढाई सुरू करायची, ही त्याची रीत. इरी ऑटर्सकडून २०२४-२५ च्या मोसमात त्याने ७ गोल केले आणि १५ गोलांना सहाय्य केले.

मात्र ही कमाई अवघ्या १७ सामन्यांची. मोसमाच्या आरंभी आजारपण आणि डिसेंबर २०२४ मध्ये जागतिक कनिष्ठ स्पर्धेत मोडलेले कॉलरबोन, यांमुळे तो पुढे खेळूच शकला नाही. शरीर अद्याप भरायचे होते. गोलजाळ्यासमोरच्या धक्काबुक्कीत प्रौढ खेळाडूंपुढे त्याचा निभाव लागेल काय, ही शंका रास्त होती. पुढे धावून जाण्याच्या सवयीमुळे मागे खिंडार पडण्याचा धोकाही होताच.

बचावपटूची पारख मुळातच अवघड. झालेला गोल मोजता येतो. टळलेला गोल कोणत्या रकान्यात लिहायचा? १९८९ मध्ये निकलस लिडस्ट्रॉमला तब्बल ५३ व्या क्रमांकावर निवडले गेले. पुढे त्याने सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक सात वेळा जिंकला. उलट, २००६ मध्ये सेंट लुईसने पहिल्या क्रमांकावर बचावपटू एरिक जॉन्सनला पसंती दिली. तिसऱ्या क्रमांकावर गेलेल्या जोनाथन टेव्सने मात्र कर्णधार म्हणून शिकागोला तीनदा स्टॅन्ली चषक मिळवून दिला.

शेफरबाबत एक तपशील निर्णायक ठरावा. त्याचा जन्म ५ सप्टेंबर २००७ चा. वयोमर्यादेची तारीख १५ सप्टेंबर. दहा-अकरा दिवस उशिरा जन्मता, तर तो २०२६ च्या ड्राफ्टमध्ये असता. म्हणजे त्याच्या उणिवांतील बराच भाग वयाचा होता आणि उरलेला पुराव्याच्या तुटवड्याचा. पुरावा अपुरा असणे आणि गुण अपुरे असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आयलँडर्सनी हा भेद ओळखून त्यालाच निवडले. ऑक्टोबर २०२५ मधील पदार्पणातच त्याने एका गोलाला सहाय्य केले. अर्थात, बचावपटूचा खरा हिशेब एका रात्रीत नव्हे, अनेक मोसमांनंतरच लागतो.