प्रकाश फक्त तटबंदीवरच का?

ऐतिहासिक ठिकाणी रात्री होणाऱ्या लाइट अँड साउंड शोबद्दल अनेक जाणकारांच्या मनात तिटकारा आहे. जुन्या दगडांवर जांभळे-हिरवे दिवे, भोंग्यांतून घोड्यांच्या टापा, तलवारींचा खणखणाट आणि पल्लेदार निवेदन. यातून इतिहास कळत नाही, फक्त अंगावर काटा येतो, असं त्यांचं म्हणणं. पर्यटन वाढवू पाहणाऱ्यांना मात्र हाच शो गर्दी खेचण्याचा हुकमी उपाय वाटतो. हे दोन्ही पक्ष भांडत असले तरी एक समजूत त्यांनी मुकाट्याने वाटून घेतली आहे: असा कार्यक्रम करायचा तो किल्ल्यावर, वाड्यावर, लेण्यांपाशी, म्हणजे जिथे डोळ्यांना पाहायला काहीतरी भव्य आहे तिथे. ही समजूतच खोडून काढायला हवी. त्यासाठी जासईला यावं.

उरण तालुक्यातलं हे गाव पनवेलकरांना परकं नाही. दि. बा. पाटील यांचं हे जन्मगाव. पनवेलमधून पाच वेळा आमदार आणि दोनदा खासदार झालेले दि. बा. इथल्या शेतकऱ्यांचे वकील होते, कोर्टातही आणि रस्त्यावरही. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. मोबदल्याचा लढा चिघळत गेला. 16 जानेवारी 1984 रोजी जासईजवळच्या दास्तान फाट्यावर पोलिसांनी गोळीबार केला, दुसऱ्या दिवशी नवघरला पुन्हा. दोन दिवसांत पाच जण गेले: नामदेव शंकर घरत, रघुनाथ अर्जुन ठाकूर, केशव महादेव पाटील, महादेव हिरा पाटील आणि कमळाकर कृष्णा तांडेल. प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना याच लढ्यातून उभी राहिली.

आज दास्तान फाट्यावर काय दिसतं? जेएनपीए बंदराकडे धावणारे ट्रेलर, कंटेनरच्या थप्प्या, उड्डाणपूल. शेजारच्या चिर्ल्याला 2024 मध्ये अटल सेतू येऊन टेकला. गावात हुतात्म्यांचं स्मारक आहे, दरवर्षी जानेवारीत लोक तिथे जमतात. पण जिथे माणसं उभी राहिली, जिथे गोळ्या लागल्या, ती शेतं आणि खाजणं भरावाखाली गेली. जमीन वाचवण्यासाठी झालेल्या लढ्याची जमीनच उरलेली नाही. दगड, तट, बुरूज असं काहीच नसलेल्या जागेचा इतिहास सांगायचा तर आवाजाइतकं सोयीचं दुसरं साधन कोणतं?

‘पाहायलाच काही नसेल तर प्रकाश कशावर टाकायचा?’ हा पहिला आक्षेप. शोचं मूळ पाहिलं तर तो रास्त वाटतो. 1952 मध्ये फ्रान्समधल्या शांबोरच्या राजवाड्यावर पॉल रॉबेर-उदँ यांनी असा पहिला प्रयोग केला, तेव्हा आधार होता तो राजवाड्याच्या देखण्या रूपाचाच. पण माध्यम तिथेच थांबलं नाही. असा शो झालेला पुण्याचा शनिवारवाडा 1828 च्या आगीत जळाला होता. आत उरली ती जोती आणि कारंज्याची कुंडं. दिवसा येणारा पाहुणा दिल्ली दरवाजा पाहतो आणि आतल्या मोकळ्या हिरवळीवर गोंधळून उभा राहतो. नारायणरावाच्या किंकाळीची भुताटकी त्याला कुणीही ऐकवतं. रामशास्त्र्यांनी राघोबाला सुनावलेला निवाडा ऐकवायला मात्र नीट लिहिलेले शब्द लागतात. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये तर सात बाजूंपैकी तीनच शिल्लक आहेत. तिथल्या कार्यक्रमात कहाणी सांगतो तो आवारातला पिंपळ. जे नाहीसं झालं ते साक्षीदाराच्या तोंडून उभं करणं, हीच या माध्यमाची खरी ताकद. राजवाड्याला रंगीत दिवे लावणं हा तिचा सर्वांत दुबळा वापर.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. असे कार्यक्रम इतिहास सोपा करतात, एकाला देव आणि दुसऱ्याला राक्षस करतात. आक्षेप खरा आहे, पण तो संहितेवरचा आहे. याच तालुक्यातल्या चिरनेरचं उदाहरण घ्यावं. 25 सप्टेंबर 1930 च्या जंगल सत्याग्रहात तिथे गोळीबार झाला, आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. त्यांत नाग्या महादू कातकरी होते, आगरी शेतकरी होते. आणि त्याच गोंधळात सरकारी मामलेदार केशव जोशी हेही गोळीला बळी पडले. या एका मृत्यूने कहाणीतली काळी-पांढरी विभागणी मोडून पडते. उत्तम लेखक हा गुंता टाळणार नाही. तो त्यावरच प्रसंग उभा करील. वाईट संहितेवर उपाय एकच: ती कार्यक्रमाआधी छापून लोकांपुढे ठेवायची, प्रत्येक विधानाचा आधार द्यायचा, गावाने आणि अभ्यासकांनी ती खोडायची, दुरुस्त करायची.

यातून तिसरी, सहसा न बोलली जाणारी अडचण पुढे येते. चिरनेरला गोळ्या झाडल्या त्या इंग्रजांच्या राज्यात. 53 वर्षांनी जासईला झाडल्या त्या आपल्याच राज्याच्या पोलिसांनी. सेल्युलर जेलची कहाणी सरकारी खर्चाने सांगणं सोपं आहे, दास्तान फाट्याची सांगणं अवघड. म्हणूनच ती सांगितली पाहिजे. ज्या राज्याने पुढे साडेबारा टक्क्यांचं धोरण आणलं, त्याला त्या धोरणामागचं रक्तही उच्चारता यायला हवं. नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून 10 जून 2021 रोजी हजारो लोकांनी मानवी साखळी धरली. त्या नावामागे काय घडलं होतं, हे विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशाला कुणी सांगायचं?

विरोधकांचा एक मुद्दा मात्र पूर्णपणे मान्य करावा लागतो, तो प्रकाशाचा. उरणच्या रात्री आधीच बंदराच्या उंच दिव्यांनी उजळलेल्या आहेत. पाणज्याच्या पाणथळीवर स्थलांतरित पक्षी उतरतात. तिथे आकाशात लेझरचे झोत सोडणं हा अपराध ठरेल. जासईचा कार्यक्रम बंदिस्त सभागृहातच व्हावा आणि त्यात आवाज आधी, प्रकाश मागून असावा. शनिवारवाड्याच्या शोसारखे कार्यक्रम वारंवार बंद पडतात, ही तक्रारही यानेच निम्मी निकालात निघते. उघड्यावर पावसात भिजणारी, परदेशी सुट्या भागांसाठी अडणारी यंत्रं कमी. चार चांगले स्पीकर, एक पडदा आणि गावातच दुरुस्ती करू शकणारा माणूस पुरे.

आवाज कुणाचा, हाच कळीचा प्रश्न. गोवळकोंड्याच्या शोला अमिताभ बच्चन यांनी आवाज दिला आणि तो शोभलाही. जासईला तो शोभणार नाही. इथे आगरी बोली ऐकू यायला हवी, लग्नघरात धवले गाणाऱ्या धवलारणीचा गळा हवा, लाठ्या खाल्लेल्या बायकांचं स्वतःचं बोलणं हवं. 1984 मध्ये विशीत असलेली माणसं आज साठी ओलांडून गेली आहेत. तेव्हा चाळिशीत असलेले थोडेच उरले असतील. सभागृह, पडदा, निधी, निविदा यांना वर्षं लागली तरी चालतील. ध्वनिमुद्रणाला तेवढा वेळ नाही. त्यासाठी सिडकोची परवानगी लागत नाही, जेएनपीएचा ठरावही लागत नाही. एक चांगला मायक्रोफोन, शांत खोली आणि प्रश्न विचारून गप्प बसणारा तरुण एवढं पुरतं. 16 जानेवारीला हुतात्म्यांना मानवंदना द्यायला लोक जमतात, त्याच दिवशी, तिथेच, पहिलं मुद्रण सुरू करता येईल.