युनियन मेली म्हणे! आपण आत होतो कधी?

हल्ली आपल्याच पोरांच्या तोंडून एक वाक्य सारखं कानावर येतं. युनियनचा जमाना संपला. गिरण्या गेल्या, बावटे गुंडाळले, पुढारी मोटारीतनं हिंडायला लागले, आता युनियन काय कामाची? त्यापेक्षा धंदा करा. नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा.

बोलणाऱ्याचा बाप पुष्कळदा पालिकेत झाडूवर कायम असतो. त्या पगारावर पोरगं बी.ए. झालेलं असतं. पीएफमधून कर्ज काढून बहिणीचं लगीन झालेलं असतं. पालिकेच्या दहा बाय बाराच्या खोलीत ते वाढलेलं असतं. तो पगार, तो पीएफ, ती खोली आभाळातून पडली नाही, आणि कुठल्या आयुक्ताला दया आली म्हणूनही मिळाली नाही. कुणीतरी कचरा तसाच पडू दिला, शहर नाक धरून बसलं, कुणाच्या तरी पाठीवर काठ्या बसल्या, तेव्हा ती मिळाली. आता त्याच खोलीत पंख्याखाली बसून हे पोरगं युनियन मेली म्हणतं. मला याचा राग येतो.

पण मला दुसराही राग आहे आणि तो जुना आहे. तो कॉम्रेड लोकांवरचा. युनियनमुळे कामगाराचा फायदा होतो का, असा प्रश्न ते व्यासपीठावरून विचारतात आणि होतो असं उत्तरही तेच देतात. कुठल्या कामगाराचा, असं आपण विचारलं की म्हणतात, जात मधे आणू नका, एकजूट फुटते. अरे, एकजूट होती कधी ते तरी सांगा.

गिरणगावात विणकामाला साचाखातं म्हणत. पगार तिथं जास्त. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि धोट्याच्या भोकातून सुताचं टोक तोंडानं ओढून घ्यायचं. एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्याही तोंडाला लागणार. म्हणून साचाखात्यात महाराला बंदी. त्यानं कमी पगाराच्या खात्यात राबायचं. मालकाला कापड हवं होतं, सूत कुणाच्या थुंकीनं ओलं झालं याची त्याला फिकीर नव्हती. बंदी होती ती शेजारच्या साच्यावरच्या सवर्ण कामगाराची. पुढारी ज्याला दर रविवारी एकजुटीचे धडे देत होते, त्याचीच.

१९२८ साली गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप झाला. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना सांगितलं की आमच्या माणसाला सगळ्या खात्यांत काम करायचा हक्क पाहिजे, ही मागणी घाला, नाहीतर मी आमच्या लोकांना संपात जाऊ नका म्हणून सांगेन. तेव्हा कुठं नाइलाजानं ती मागणी यादीत आली. मालकांनी ती वाचली आणि पुढाऱ्यांनाच सुनावलं की हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. भांडवलदाराच्या तोंडून खरं निघायची वेळ क्वचित येते. ती तेव्हा आली आणि पुढाऱ्यांकडे उत्तर नव्हतं.

पुढच्याच वर्षी, १९२९ च्या संपात, बाबासाहेब संपाच्या विरोधात उभे राहिले. कॉम्रेड लोक हे अजून उगाळतात. पण तिथंच थांबतात. आपली युनियन मेली म्हणणारी पोरंही तिथंच थांबतात. दोघांनाही १९३८ नको असतं.

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगाराचे दोन शत्रू, असं बाबासाहेबांनी तिथं सांगितलं. हे आपल्याला पाठ आहे, भिंतीवर लिहून झालंय. त्याच भाषणातली पोर्टरची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. रेल्वेत आपला माणूस गँगमन म्हणून रुळावर खपायचा, पण त्याला पोर्टर करत नसत. का? तर स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरचं काम करून घ्यायचा. अस्पृश्य माणूस मास्तरच्या घरात कसा शिरणार? म्हणजे आगगाडी इंग्रजांची, नियम कंपनीचे, आणि आपली बढती अडली कुठं तर मास्तरच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. ही गोष्ट कळली की दोन शत्रू हे दोन वेगळ्या गावांत राहत नाहीत हे कळतं.

आणि त्याच वर्षी, ७ नोव्हेंबरला, काळ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध हेच बाबासाहेब, ज्यांच्याशी नऊ वर्षांपूर्वी भांडले त्याच कम्युनिस्टांबरोबर संपाला उतरले. संप करणं हा गुन्हा ठरवणं म्हणजे माणसाला गुलाम करणं, असं त्यांनी विधिमंडळात मांडलं. पुढं व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाल्यावर, १९४३ साली, मालकानं युनियनला मान्यता दिलीच पाहिजे असं विधेयक त्यांनी आणलं. १९४७ ला तशी दुरुस्ती मंजूर झाली, पण ती अंमलात कधी आलीच नाही. कारखान्यातला आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीसवर आला तो १९४६ च्या कायद्यानं, त्यांच्याच खात्यातून. युनियन ही कम्युनिस्टांची भानगड म्हणणाऱ्या पोरांनी हे आधी वाचावं. मग बोलावं.

आता आजचं साचाखातं दाखवतो. त्यासाठी गिरणी लागत नाही. कुठल्याही मोठ्या शहरात सफाईच्या चौकीवर पहाटे हजेरीला जा. एकच रस्ता, दोघांच्या हातात सारखाच झाडू. एक कायम, एक कंत्राटी. एकाला पगारी सुट्टी, दवाखाना, पेन्शन किंवा पीएफ. दुसऱ्याला खाडा झाला की पैसे कट. मान्यताप्राप्त युनियनची पावती पहिल्याकडे. दुसऱ्याला युनियनवाला विचारत नाही, कारण तो मस्टरवर नाही. आणि यात नवीन काय? दोघंही आपलेच आहेत. एकाच वस्तीतले, कधी कधी एकाच घरातले. पूर्वी आत शिरू न देणारा सवर्ण होता, त्याला शिव्या देणं सोपं होतं. आता कायम असलेला आपला माणूस कंत्राटी असलेल्या आपल्या माणसाला सांगतो, तुझं तू बघ. धोट्याचा विटाळ गेला, मस्टरचा आला.

मुंबईत हे कसं केलं ते समजून घ्या. कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा वीस किंवा जास्त माणसं लावणाऱ्या कंत्राटदाराला लागू होता. मग पालिकेनं विसाहून कमी माणसांची छोटी छोटी कंत्राटं दिली. कामगाराला कामगार म्हणायचं नाही, स्वयंसेवक म्हणायचं. पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं. डोक्यावरून ओला कचरा वाहणारा माणूस म्हणे स्वयंसेवक! समाजसेवा करायला तो मराठवाड्यातून आला होता वाटतं.

या लोकांची युनियन कुणी बांधली? मोठ्या केंद्रीय युनियनांनी नाही. कचऱ्याच्या गाड्यांवरच्या कंत्राटी कामगारांनी स्वतःचा कचरा वाहतूक श्रमिक संघ उभा केला. तो औद्योगिक न्यायाधिकरणात गेला, उच्च न्यायालयात गेला, आणि ७ एप्रिल २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं २७०० कामगारांना कायम करायचा निकाल उचलून धरला. बहुतेक सगळे दलित. निकाल ऐकायला सगळे जिवंत राहिले नव्हते. तरीही युनियनचा फायदा काय असं विचारणाऱ्याला मी हा आकडा सांगतो आणि गप्प बसतो.

पुण्यात तर मालकच नव्हता. कचऱ्यातून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बाया, पोलिसांच्या लेखी चोर. १९९३ साली त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली. त्यातल्या बहुसंख्य दलित. ओळखपत्रं मिळाली, आणि २००८ पासून त्यांच्याच सहकारी संस्थेनं महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा उचलायला घेतला. कारखाना नाही म्हणून युनियन नाही, हे रडगाणं या बायांसमोर गाऊन दाखवा.

आता नवीन कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. मस्टरवरचे ५१ टक्के ज्या युनियनकडे, तीच वाटाघाट करणार. सगळ्याच उद्योगांत संपाआधी चौदा दिवसांची नोटीस. निम्म्या कामगारांनी एका दिवशी मिळून रजा टाकली तरी तो संप. पुढारी ओरडतायत आणि ते बरोबरच आहे. पण झाडूवाल्याला ही नोटीस १९४७ पासून आहे, सफाई लोकोपयोगी सेवा म्हणून. तेव्हा फार कुणी ओरडल्याचं मी ऐकलं नाही.

खरी मेख वेगळ्याच संहितेत आहे, सुरक्षा आणि आरोग्याच्या. मुख्य कामात कंत्राटी कामगार लावायला बंदी, असं तिच्यात लिहिलंय. वाचून बरं वाटतं. मग मुख्य काम कशाला म्हणायचं नाही याची यादी येते. जी संस्था त्याच कामासाठी उभी नाही, तिथं ही कामं मुख्य नाहीत. यादीत पहिलं नाव कुणाचं? सफाईचं. झाडलोट, पुसणं, सगळ्या प्रकारचा कचरा उचलणं. मनूनं शेवटी ठेवलं, यांनी पहिलं ठेवलं, एवढाच मान! आणि कंत्राटाची वीसची मर्यादा आता पन्नास. एकोणपन्नास माणसांपर्यंत रान मोकळं.

हे रान कुणाला मोकळं? नोकरी देणारे व्हा म्हणता ना, त्यांनाही. मी एका संस्थेचं हजेरीपत्रक पाहिलंय. संस्थेच्या नावात महामानवाचं नाव. चालवणारा आपला. भेटला की आधी जयभीम. पत्रकावर सही किमान वेतनावर, हातात पडतात त्यातले निम्मे. मी विचारलं तर म्हणाला, भाऊ, मी नसतो तर हे निम्मेसुद्धा नसते. जुने सावकार काय वेगळं बोलत होते? आपल्यातला माणूस मालक झाला की झाडूवालीचा पगार वाढतो, असा अनुभव मला अजून यायचाय.

एक अवघड गोष्ट राहिली, ती टाळून चालणार नाही. आपल्या युनियनांनी सगळ्यात जिवापाड सांभाळलेली मागणी कुठली? वारसा हक्क. लाड-पागे समितीच्या शिफारशींवरून सफाई कामगाराच्या जागी त्याचा वारस लागतो. बाप गेला की पोराच्या हातात झाडू. बाबासाहेबांनी ही घाणीची कामं सोडा म्हणून सांगितलं, आणि आपण ती पिढीजात मिळावीत म्हणून मोर्चे काढतो. काही पोरं म्हणतात, हा हक्कच नको, फेकून द्या. मी तसं म्हणणार नाही. घरात दुसरा पगार नाही, वारस लागला नाही तर खोली खाली करावी लागते, मग विधवा आई जाणार कुठं? फेकून द्या म्हणणाऱ्यानं तिला आपल्या घरी न्यावं.

पण पदवीधर पोरगा वारसानं झाडूवर लागला आणि झाडूवरच रिटायर झाला, यावर युनियन गप्प का? बढतीची मागणी का नाही? कारकुनाच्या, निरीक्षकाच्या जागा भरताना याची पदवी का दिसत नाही? मनमाडच्या पोर्टरचा प्रश्न हाच होता. बोनसच्या मागणीपत्रात ही ओळ घालायला सांगितलं की युनियनच्या ऑफिसात म्हणतात, हा सामाजिक प्रश्न झाला, आपण आर्थिक प्रश्न घेतो. १९२८ चं तेच उत्तर. ते बदलायचं तर ऑफिसातल्या खुर्चीवर आपली बाई, आपला माणूस बसला पाहिजे, आणि तोही कंत्राटीतला. भाषणाला बोलावलेला नको, पावतीपुस्तक आणि बँकेचं पासबुक ज्याच्या ताब्यात आहे असा.

तेव्हा जयंतीच्या वर्गणीतून वेळ काढा. आपापल्या वॉर्डातल्या चौकीवर पहाटे जा. कंत्राटी किती, कुठल्या कंत्राटदाराचे, पगार रोख की बँकेत, पीएफ नंबर आहे का, सगळं वहीत लिहा. गाडीचा नंबर, तारीख, मुकादमाचं नाव टिपून ठेवा. हजेरीपत्रकाचा फोटो काढा, कंत्राटदार बदलला की जुनं पत्रक भंगारात जातं. आणि कामगाराचं नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहा, घरातलं हाक मारायचं नाव नको. मुंबईत सर्वोच्च न्यायालयात जिंकल्यावरही कित्येक जण नावातल्या अक्षरांच्या घोळापायी अडकून पडले होते.