पुकाऱ्याआधी माइक तपासा

प्रति,
मा. रजिस्ट्रार जनरल,
मुंबई उच्च न्यायालय, मुंबई



पनवेल शहरात सत्र न्यायालय आहे आणि तालुक्यात तळोजा मध्यवर्ती कारागृह. कच्च्या कैद्याची न्यायालयीन कोठडी वाढवताना त्याला पडद्यावर हजर करण्याची मुभा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187 ने दिली आहे, तर कलम 530 ने साक्षीपुराव्यासह खटल्याचे कामकाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालवण्याची वाट मोकळी केली आहे. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. संगणकाला माइक सापडत नाही, ही एरवी किरकोळ वाटणारी तक्रार त्यामुळे आता न्यायाचा प्रश्न झाली आहे. महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये अमेरिकेतील साक्षीदाराची दूरदृश्य प्रणालीवरील साक्ष ग्राह्य ठरवली. पडद्यावरच्या माणसाला पाहता आणि ऐकता येते, हाच त्या निकालाचा पाया. ऐकू येत नसेल, तर हजेरी फक्त कागदावर उरते. म्हणून सुनावणीच्या प्रत्येक टोकाला माइक तपासणीचे एक पान मराठीत लावावे आणि रोजचा बोर्ड सुरू होण्याआधी ती तपासणी सक्तीची करावी, अशी आपणांस विनंती आहे.

या पानाचा उपयोग काय, हे बिघाडाच्या स्वरूपावरून कळते. ‘माइक चालत नाही’ या एकाच तक्रारीत दोन वेगळे दोष दडलेले असतात: संगणकाला माइक दिसतच नाही, किंवा दिसतो पण सुनावणीचे अ‍ॅप त्याचे ऐकत नाही. साउंड सेटिंगमध्ये ‘इनपुट’ उघडून बोलावे. पट्टी हलली, तर माइक आणि तार दोन्ही ठीक आहेत. अडचण ब्राउझरने नाकारलेल्या परवानगीत किंवा अ‍ॅपमध्ये निवडलेल्या चुकीच्या माइकमध्ये असते. यादीत माइक आहे पण पट्टी हलत नाही, तर आधी म्यूटचे बटण, आवाजाची पातळी आणि विंडोजमधील माइकची प्रायव्हसी परवानगी पाहावी. यादीत नावच नसेल, तर प्लग पाहावा. मोबाइलच्या हेडफोनचा तीन कड्यांचा प्लग डेस्कटॉपच्या गुलाबी छिद्रात घट्ट बसतो, पण मधे स्प्लिटर नसेल तर माइक सहसा मिळत नाही. यूएसबी माइक असेल, तर तो मागच्या पोर्टला लावून पाहावा. एवढे करूनही नाव दिसले नाही, तरच ड्रायव्हर, कॅबिनेटमधली ऑडिओची वायर किंवा खुद्द माइक यांच्याकडे वळावे. यातल्या बहुतेक पायऱ्यांना स्क्रूड्रायव्हर लागत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की हे काम तंत्रज्ञाचे आहे. ते खरेच, पण तंत्रज्ञ येईपर्यंत पुकारा होऊन जातो आणि पुढची तारीख पडते. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीच्या नमुना नियमांत दोन्ही टोकांना समन्वयक सांगितलेलाच आहे. त्याच्या हातात क्रमवार पान दिले, तर तंत्रज्ञाला खऱ्या बिघाडासाठीच बोलवावे लागेल. दुसरा आक्षेप, नवी यंत्रे घेतली की प्रश्न मिटेल. ई-कोर्ट्स प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला 2023 मध्ये 7,210 कोटी रुपये मंजूर झाले, पण परवानगी बंद असेल तर महागडा माइकही मुकाच राहणार. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: संगणक सगळीकडे सारखे नाहीत. जिल्हा न्यायालयांसाठी ई-समितीने उबुंटू स्वीकारली, वकिलांच्या टेबलावर मात्र बहुधा विंडोज असते. तेव्हा पानावर दोन रकाने हवेत आणि प्रणाली बदलली की पानही बदलायला हवे. तपासणीचा क्रम मात्र दोन्हीकडे तोच राहतो.

याला एक जोड द्यावी. आवाज पोहोचला नाही, तर समन्वयकाने तसे लगेच न्यायाधीशांच्या कानावर घालावे, आवाज येईपर्यंत ते प्रकरण थांबवावे आणि रोजनाम्यात कारणासह नोंद व्हावी. अशा नोंदी साठल्या, की कोणत्या टोकाला कोणता दोष वारंवार येतो हे आपल्यालाच दिसेल आणि पैसा नेमक्या जागी खर्च करता येईल. सुरुवात पनवेल आणि तळोजा या जोडीपासून करावी. कोठडीत असलेल्या माणसाला आपला माइक स्वतः दुरुस्त करता येत नाही. ती जबाबदारी व्यवस्थेचीच आहे.

आपला,
पनवेलचा एक नागरिक