पावसाची बेरीज आणि पावसाचा वक्र

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, जेथे विहिरीचे पाणी मचूळ असल्यामुळे पिकास देता येत नाही आणि कपाशी-तुरीची सारी भिस्त आभाळावर असते, त्या आमच्या दर्यापूर तालुक्यात पावसाचा हिशेब 'सरासरीच्या इतके टक्के' एवढ्या एका आकड्यात उरकला जावा, हे मला नेहमीच विपरीत वाटत आले आहे. जूनअखेर दोन दिवसांत शेत खरडून नेणारा आणि पुढे ऐन पात्याफुलांच्या वेळी तीन आठवडे तोंड न दाखविणारा पाऊस कागदावर शंभर टक्के भरतो; शेतात मात्र पात्यागळ होऊन पऱ्हाटी नुसती उभी राहते. "किती पडला थे नोका इचारू, कवा पडला थे इचारा," असे शेतकरी म्हणतो, त्यात गणित आहे.

हंगामाचा पाऊस ही संख्या नसून वक्र आहे, आणि अशा सर्व संभाव्य वक्रांचा मिळून अनंत मितींचा एक अवकाश होतो, ज्यात यंदाचा पावसाळा हा केवळ एक बिंदू. त्या प्रत्येक बिंदूस एक संख्या नेमून देणारा जो नियम, त्यास गणिती फंक्शनल म्हणतात. नुसती बेरीज हेही एक फंक्शनलच, परंतु अत्यंत दरिद्री. कारण तिला मृगाचा दिवस आणि हस्ताचा दिवस सारखाच. 1924 साली संख्याशास्त्रज्ञ फिशरने इंग्लंडातील रॉथॅमस्टेडच्या गव्हावर विचार करताना वर्षातील प्रत्येक काळाच्या पावसास त्याचे निराळे वजन देऊन मग संकलन केले, ते याचसाठी.

आणि येथे आपल्याच माणसाचे नाव घ्यावे लागते. दामोदर धर्मानंद कोसंबी मराठी वाचकांस इतिहासकार म्हणून ठाऊक आहेत. परंतु 1943 साली, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत असता, त्यांनी फलनांच्या, म्हणजे अशा वक्रांच्याच, अवकाशातील संख्याशास्त्रावर एक निबंध प्रसिद्ध केला आणि यदृच्छेने बदलणारा वक्र ठरावीक मूळ वक्रांत, परस्परांशी सहसंबंध नसलेल्या गुणकांनी, कसा उकलावा हे दाखविले. पुढे त्या उकलीस कारहूनेन व लोएव्ह यांची नावे चिकटली. कोसंबींचे नाव पुष्कळदा गळते. त्याआधी गणिती वीनरने 1923 साली वक्रांच्या अवकाशात संभाव्यतेचे मोजमाप आणले होतेच. त्याच्या आधारे कॅमेरॉन व मार्टिन यांनी 1945 साली फंक्शनलांचीच रूपांतरे मांडली. या जातीच्या रूपांतरात, स्थूलमानाने सांगायचे तर, दिलेल्या वक्रात सारे संभाव्य हेलकावे मिसळून त्या सर्वांवर सरासरी घेतात, आणि एका नियमातून दुसरा नियम निष्पन्न होतो. पावसास वजने देणारा फिशरचा नियमही अशाच फंक्शनलांपैकी एक.

पावसाचा हिशेब ठेवणाऱ्या महसूल खात्याने वीनर वाचावा असा माझा आग्रह नाही. आता पावसाचे खंडही मोजले जातात, हेही मला मान्य आहे. परंतु एकवीस दिवसांचा खंड पेरणीनंतर पडला की बोंडे धरताना, हे न पाहता नुसते दिवस मोजणे म्हणजे पुन्हा बेरीजच. मंडळनिहाय रोजच्या पावसाची नोंद होतेच. पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज, जाहीर करताना त्या आकड्याशेजारी हंगामाचा तो सबंध वक्र तहसीलीच्या फलकावर लावण्यास शाईखेरीज कोणताही खर्च नाही.