रेल्वेचा संप आणि आमच्या जेटीवरची कुरकुर



परवा जेटीवर जाळी दुरुस्त करताना एका जुन्या तांडेलाने 1974 च्या रेल्वे संपाची गोष्ट काढली. तरुण पोरांना काहीच ठाऊक नाही. म्हणून हे लिहितोय. विषय जुना असला तरी आपल्याला लागू पडतो.

8 मे 1974 ला देशभर रेल्वे कामगारांनी काम बंद केलं. सुमारे 17 लाख माणसं. मागण्या काय, तर बोनस, आठ तासांची ड्युटी आणि महागाईला पुरेल असा पगार. पुढारी जॉर्ज फर्नांडिस, आपल्या खालच्या मंगळुरूचे. बोलणी चालू होती, आणि 2 मे लाच इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना अटक केली. मग भारत संरक्षण नियम आणि मिसाखाली हजारो कामगार तुरुंगात गेले. कित्येक ठिकाणी रेल्वे कॉलनीतल्या क्वार्टरमधून बायकापोरांना बाहेर काढलं. 27 मे ला संप मागे घ्यावा लागला. हातात काहीच पडलं नाही, उलट कितीतरी जणांच्या नोकऱ्या गेल्या.

सरकारची अडचण खोटी नव्हती, हे पण सांगायला हवं. तेलाचे भाव भडकलेले, धान्याची टंचाई, आणि गाडी थांबली की कोळसाही थांबतो. पण आम्हाला एक कळत नाही. ज्याच्या कामावाचून देश अडतो, त्याच्याशी बोलायला सरकारचं काय अडतं? त्यातला बोनस 1979 मध्ये दिलाच ना! पाच वर्षं आधी टेबलावर देता आला असता. (आणि गंमत बघा, तेच जॉर्ज 1989 ला रेल्वेमंत्री झाले आणि कोकण रेल्वेचं काम मार्गी लागलं.)

आता आमच्याकडे या. डिझेलची सबसिडी अडकली की आपण मोर्चा काढतो, "सरकार ऐकत नाही" म्हणून ओरडतो. बरोबरच आहे. पण बोटीवरचा खलाशी पगार वाढवा म्हणाला, की आपण काय करतो? "जमत नसेल तर गावाला जा, दुसरे येतील." मागच्या सीझनला ऐन ऑगस्टात काही बोटींचे खलाशी काम सोडून बसले, तेव्हा पोलिसांना बोलवा म्हणणारे आपल्यातलेच होते. उचल दिलेली असते, बर्फ भरलेला असतो, एक दिवस बोट उभी राहिली की मालकाचं नुकसान होतं. मान्य. आम्हीही मालकच आहोत, कर्जाचे हप्ते आम्हालाही चुकलेले नाहीत. पण त्या माणसाचा हिशोब सीझन संपेपर्यंत लटकवून ठेवायचा आणि वर त्यालाच मुजोर म्हणायचं, हे कसं चालेल?

बंदी 31 जुलैला उठते. त्याआधी सोसायटीच्या हॉलमध्ये पगार, वाटा आणि उचल यावर बसून बोलायचं असं आमचं मत आहे. प्रत्येक मालकाने आपला तांडेल आणि निदान दोन खलाशी सोबत आणावेत. खलाशी हिंदीत बोलतील, त्यांना मध्येच तोडू नका. हिशोबाची वही पण घेऊन या.